सुमनचं वचन

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की बीडच्या रस्त्यांवरून घरंच्या घरं जायला लागतात. ट्रॉलीत उलटी टाकलेली खाट, तिच्या पायांत अडकवलेली कोंबड्यांची पाटी, पाण्याचं पिंप, पत्र्याची पेटी, आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. ऊसतोडीचा हंगाम लागलेला असतो. शाळेत शिकवून घरी येताना मी बायपासच्या कोपऱ्यावर थांबते. रस्ता ओलांडता येत नाही म्हणून थांबले, असं स्वतःला सांगते. पण रस्ता मोकळा झाला तरी माझा पाय उचलत नाही. ट्रॉलीवर बसलेली एखादी तरुण बाई वाऱ्यानं उडणारा पदर दातांत धरून मागं वळून बघते, आणि मला वाटतं, हिला निघताना कुणी काही दिलं असेल का बरोबर?

भाकरी-चटणी दिलीच असेल. मी त्याबद्दल बोलत नाही.

मला जे म्हणायचंय त्यासाठी शिरूर कासारच्या बाजूला, आमच्या गावी जावं लागेल, आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांतल्या एका हंगामात. तिथं जायला मला अजूनही नको वाटतं. तरी दरसाल या दिवसांत जातेच.

गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडं आमची ख्रिस्ती घरं होती आणि त्यांच्या मध्ये पत्र्याचं छोटं देऊळ. चर्च हा शब्द मी शहरात येऊन शिकले. गावात आम्ही देऊळच म्हणायचो, आणि त्याची घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पाळकसाहेब तालुक्याहून कधीमधी यायचे. बाकीचे रविवार आईचे. आई बायबलबाई होती, म्हणजे घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं, कुणाच्या आजारपणात उशाशी बसून प्रार्थना करायची, हे तिचं काम. मिशनचा पगार कधीच बंद पडला होता. काम काही तिनं बंद केलं नव्हतं. वडील मी लहान असतानाच गेले. घर चालायचं ते आईच्या शिवणयंत्रावर. अख्खं गाव तिला बाई म्हणायचं, आणि तिला दोन मुली, थोरली सुमन आणि धाकटी मी.

आमच्या घरात नियम होता, आधी वचन, मग चहा. रॉकेलचा स्टो भरभरत असायचा, दूध वर यायच्या बेतात असायचं, आणि आई डोळे मिटून शास्त्रातली एक ओळ म्हणायची. एकच. आम्ही ती तिच्या मागं म्हणायची. आमचं सगळं ध्यान दुधाकडं. सुमन तर एक डोळा उघडा ठेवूनच म्हणायची, आणि आईला तो डोळा मिटल्या डोळ्यांनी दिसायचा. मी एकदा विचारलं होतं की एकच का, अख्खा अध्याय का नाही. आई म्हणाली, "आजच्यापुरतं बास. उद्याचं उद्या. जास्त घेतलं की सांडतंय."

तेव्हा ती मला आईची काटकसर वाटायची. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवणारी बाई ती, वचनही पुरवून पुरवून वापरते, असं मी सुमनच्या कानात म्हटलं होतं आणि ती इतकी हसली की चहा नाकातून आला.

गाव तसं बदलत होतं. बाजारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या, एका घरावर छत्रीएवढी डिश आली होती, आणि आप्पांच्या किराणा दुकानात एसटीडीचा बूथ झाला होता. आप्पा म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसणारे लिंगायत गृहस्थ. फोन लागला की गिऱ्हाइकापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा. एवढं सगळं आलं, पण पाणी काही आलं नाही. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव कोयते घेऊन बाहेर पडायचं ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परतायचं.

निघायच्या दिवशी आई पहाटेच देवळापुढं जाऊन उभी राहायची. गाड्या भरल्या जात, बैलांना पाणी दाखवलं जाई, आणि आमच्यातलं एकेक माणूस आईपुढं येई. आई प्रत्येकाला एक वचन द्यायची. लिहून नाही, तोंडी. बहुतेकांना वाचता यायचं नाही, आणि वाचता आलं तरी फडात कागद टिकतो कुठं? ती म्हणायची, त्यांनी मागं म्हणायचं, पाठ होईपर्यंत. मग हंगामभर, रोज सकाळी उसाला कोयता लावायच्या आधी तेवढं म्हणायचं. परत आल्यावर पहिल्या रविवारी देवळात उभं राहून सगळ्यांसमोर ते म्हणून दाखवायचं. बरोबर म्हटलं की आई म्हणायची, "पोचलं." एक शब्द चुकला तर, "बसा खाली, आठवा, परत उठा." दुसऱ्या कुठल्या मंडळीत अशी रीत मी पाहिली नाही. ती आईचीच असावी.

कुणाला कोणतं वचन हे ती ठरवायची. भांडकुदळ माणसाला जीभ आवरण्याविषयीचं, नव्यानं लग्न झालेल्यांना एकमेकांचं ओझं उचलण्याचं. दानिएलमामा दरवर्षी घासाघीस करायचे. "बाई, मला लहानातलं द्या. ऊस तोडू का पाठांतर करू?"

त्या वर्षी आई वैतागलीच. "सगळ्यात लहान दोनच शब्दांचं हाय. 'येशू रडला.' ते देऊ का? लोक हसतेल तुमाला."

"द्या की. हसू द्या. मला झेपंल तेच घेतो मी."

सगळे हसले. आईनं ते दिलं, आणि मामा मोठी लॉटरी लागल्यागत गाडीकडं गेले.

सुमनचा नंबर शेवटी लागला. तिचं लग्न याकोबशी झालं होतं. माणूस भला, पण जमीन खडकाची, म्हणून दोघं नवराबायको कोयता घेऊन टोळीत जायची. सुमन सातवीपर्यंत शिकलेली, हातानं कशिदा काढणारी. तिनं उसात जावं हे आईला मनातून नको होतं. पण तिनं ते तोंडातून काढलं नाही. फक्त वचन निवडायला वेळ लावला. याकोब बैलांना चुचकारत होता, टोळीतली कौसल्या गाडीतून ओरडत होती, "सुमे, कावून थांबलीस? चल की!"

आईनं तिला डोंगराकडं डोळे लावून मदतीची वाट बघणाऱ्या माणसाचं स्तोत्र आहे ना, त्याची शेवटची ओळ दिली. देव तुझं जाणं राखील आणि तुझं येणंही राखील, असा तिचा अर्थ. सुमननं एका दमात म्हटलं, दोन्ही डोळे मिटून. मग हसली, गाडीवर चढली. आई गाडीच्या दांडीला धरून थोडं चालली आणि ओढ्यापाशी तिनं हात सोडला.

नाताळ आमच्याकडं नेहमीच रिकामा. दुसरीकडं नाताळला माणसं घरी येतात. आमची माणसं तेव्हा लांब कुठंतरी कोप्यांत, म्हणजे फडाजवळच्या खोपटांत, उसाच्या पाचटावर निजलेली असायची. देवळात म्हातारी माणसं आणि आम्ही शाळकरी पोरं. करंज्या केल्या तरी खायला कोण? आई तरीही कागदाचा तारा करून दारात लावायची. त्या नाताळच्या सकाळी आप्पांच्या दुकानातलं पोरगं पळत आलं, सुमनचा फोन आहे म्हणून. आई चप्पल न घालता गेली. मी तिच्या कानाला कान लावून उभी.

सुमन ओरडून बोलत होती, फोनवर ओरडलंच पाहिजे असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. थंडी लई हाय, पाचटाचा तारा केलाय, कोपीवर बांधलाय, कौसल्याची पोरं बघायला येतात. मग म्हणाली, "आई, वचन रोज म्हनते. पन जरा लांबवलंय मी त्येला."

"लांबवलंय म्हंजे?"

ती हसायला लागली. "आल्यावर सांगते," म्हणाली, आणि फोन कटला.

घरी येईपर्यंत आई पुटपुटत होती. "लांबवलंय म्हनं. शास्त्र का झंपर हाय, लांबवायला आन् आखूड करायला?" पण चेहरा खुलला होता तिचा. नंतर दिवसभर मशीन चालवताना ती मध्येच थांबायची आणि हसायची. मला ते हसू नीट आठवतं, कारण त्यानंतर ते मी फार वर्षं पाहिलं नाही.

जानेवारीत आप्पा स्वतः आले. पोरगं पाठवलं नाही, दुकान उघडं टाकून आले. उंबऱ्यावर बसले. भस्माचे पट्टे घामानं ओघळले होते. आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं आणि विचारलं, "कोन?"

पहाटेच्या धुक्यात कालव्याच्या कडेनं उसाची गाडी कारखान्याकडं चालली होती. एका वळणावर कड खचली. याकोब पुढं होता, तो बाजूला फेकला गेला. बैलांच्या गळ्याला बांधलेली जोती तुटली, म्हणून बैल वाचले. सुमन उसावर बसली होती, आणि ऊस तिच्यावर आला.

दुसऱ्या दिवशी जीप आली. ओढ्यापाशी, जिथं आईनं हात सोडला होता, तिथून ती आत वळली. आई दारात उभी होती. ती रडली नाही. जीप थांबली, तेव्हा ती कुणाकडंही न बघता म्हणाली, "असं येनं राखलंस व्हय?"

मी ते ऐकलं. पाळकसाहेबांनीही ऐकलं असावं, कारण मातीच्या वेळी त्यांनी ते स्तोत्र वाचलं नाही, दुसरं वाचलं. माणसं येत होती आणि म्हणायची तेच म्हणत होती, देवाची मर्जी, देवानं दिलं, देवानं नेलं. आई मान हलवायची. हीच वाक्यं तिनं स्वतः किती घरांत जाऊन म्हटली असतील. आता ती तिच्या दारात परत येत होती आणि तिला त्यांचं काहीच करता येत नव्हतं.

त्यानंतर आमच्या घरात चहा आधी आला. वचन आलंच नाही. स्टो पेटला, दूध वर आलं, आईनं कप माझ्यापुढं ठेवला आणि ती अंगणात जाऊन बसली. मी वाट बघितली. उद्या म्हणेल, परवा म्हणेल. माझी दहावीची परीक्षा जवळ आली होती, पुस्तक उघडून मी बसायची आणि लक्ष सगळं मागं, स्टोकडं. आईनं चष्मा शास्त्राच्या पानांत ठेवला होता आणि शास्त्र मिटून ट्रंकेवर ठेवलं होतं. रविवारी ती देवळात जायची, पण मागच्या भिंतीला टेकून बसायची. पुढं येऊन काही वाचायची नाही. ईस्टर असाच गेला. मोजकी माणसं होती, कुणीतरी अडखळत वाचलं, आई भिंतीला टेकूनच होती.

मी एकदाच बोलले. म्हटलं, "आई, तू म्हनत नसशील तर मी म्हनू का वचन?"

ती म्हणाली, "मी माज्या तोंडानं तिला सांगितलं, येनं राखंल म्हनून. माज्या तोंडाचा इश्वास राहिला न्हाई मला. तू म्हन तुला म्हनायचं तर."

मला म्हणता आलं नाही. सकाळी उठून, आईच्या जागी बसून, ते शब्द तोंडात आणणं मला शक्यच नव्हतं. घर गप्पच राहिलं. शांती आणि गप्प बसणं यात किती अंतर असतं हे मला त्या महिन्यांत कळलं, आणि ते इतक्या लहानपणी कळायला नको होतं. आई आधी रोज जे देत होती ते काटकसरीनं दिलेलं नव्हतं, ते दिवसाला पुरेल इतकं मोजून दिलेलं होतं. ते बंद झाल्यावर दिवस पुरेनासे झाले.

पाडव्याच्या पुढंमागं कारखाने बंद झाले आणि गाड्या परतल्या. माणसं उन्हानं रापलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. पहिला रविवार आला. देऊळ भरलं, पण कुणीच उठेना. वचनं परत करायचा दिवस होता आणि ती घेणारी मागच्या भिंतीला टेकून बसली होती.

शेवटी दानिएलमामा उठले. टोपी काढून हातात घेतली. आईकडं वळून म्हणाले, "बाई, मला ह्येच येतंय. 'येशू रडला.'"

कुणी हसलं नाही. मामा उभेच राहिले. टोपी चुरगाळत, डोळे गळत. आई बघत होती त्यांच्याकडं. तिनं पोचलं म्हटलं नाही, पण तिची मान थोडी हलली. मग एकेक जण उठला, वचन म्हणाला, बसला. याकोब उठला, त्यानं आईकडं बघितलं. तो तसाच खाली बसला.

तेवढ्यात दारात कौसल्या दिसली. ती आमच्यातली नव्हे. तिच्या घरी खंडोबा आणि तिच्या कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. आमच्या देवळात तिनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. चपला बाहेर काढून ती उंबऱ्यावर थांबली.

"बाई, येऊ का आत? सुमनचं माज्याकडं हाय."

आईला समजलं नाही. "काय हाय?"

"तिचं म्हननं. रोज सकाळी म्हनायची ती, फडात उतरायच्या आदी. आमी आयकायचो. मला पाठ झालं. याकोब म्हनला हितं येऊन म्हनायचं असतंय."

आणि ती आत येऊन, हात जोडून, डोळे घट्ट मिटून म्हणाली. देव कौसल्याचं जानं राखील, कौसल्याचं येनं राखील. देव याकोबचं जानं राखील, याकोबचं येनं राखील. मग दानिएलमामाचं. मग कौसल्याच्या पोरांचं, एकेकाचं नाव घेऊन. मग टोळीतल्या सगळ्यांचं. मग तांब्याचं जानं, तांब्याचं येनं. मोऱ्याचं जानं, मोऱ्याचं येनं. तांब्या आणि मोऱ्या म्हणजे गाडीचे बैल. एवढं लांबवलं होतं तिनं. ज्यांची ज्यांची नावं आली ती सगळी सुखरूप परत आलेली होती, काही देवळात, काही आपापल्या घरी, आणि बैल बाहेर लिंबाखाली.

कौसल्या थांबली. आई भिंतीपासून उठून कधी पुढं आली ते मला कळलं नाही.

"अजून?" आई म्हणाली.

"झालं, बाई. एवढंच."

"तिचं नाव कुठं हाय?"

कौसल्यानं डोळे उघडले. आठवून बघितलं, पुन्हा पहिल्यापासून, बोटांवर. मग तिचा चेहरा पडला. "तिनं घेतलंच न्हाई कदी. रोज आयकलं आमी, पन आमच्या ध्यानातच आलं न्हाई बाई..." आणि ती तिथंच मटकन बसून रडायला लागली.

आई तिच्याजवळ बसली. मग तिनं मान वर केली आणि देवळात बसलेल्या आम्हा सगळ्यांना, आमची शाळा घेत असल्यागत म्हणाली, "म्हना माज्या मागं. देव सुमनचं जानं राखील."

आम्ही म्हटलं.

"देव सुमनचं येनं राखील."

आमच्यानं ते नीट म्हणवेना. निम्मे रडत होते. आईनं खपवून घेतलं नाही. "परत," ती म्हणाली. आम्ही परत म्हटलं. आणखी एकदा. तिसऱ्यांदा सगळ्यांचा आवाज एक झाला, कौसल्याचाही, आणि मग आई आतापर्यंत रडली नव्हती तेवढी रडली. रडता रडताच तिनं तो शब्द म्हटला. पोचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टो भरभरत होता, दूध वर येत होतं आणि आईनं डोळे मिटले. आधी वचन आलं, मग चहा. दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. आईनं पुढं देवाशी भांडण मिटवलं का, तेही मला ठाऊक नाही. मला वाटतं ती शेवटपर्यंत भांडतच त्याच्याशी बोलत राहिली. पण बोलत राहिली. आम्ही शास्त्रात शांती शोधतो म्हणणारी बरीच माणसं मला नंतर भेटली. आमच्या घरात ती सापडायची नाही, रोज सकाळी मांडावी लागायची.

पुढच्या दिवाळीनंतर आई पुन्हा देवळापुढं उभी राहिली. वचनं दिली. या खेपेला कौसल्याही रांगेत होती. फक्त एक गोष्ट नवी होती. आई प्रत्येकाला बजावून सांगायची, "रोज म्हनताना नावं घाला. पन पयलं सोताचं घ्यायचं, मग दुसऱ्याचं. ध्यानात ठिवा." या बाबतीत ती फार कडक झाली. कुणी विसरलं तर गाडी थांबवून म्हणून घ्यायची.

शेवटच्या आजारात ती इथं बीडला माझ्याकडं होती. बरंच काही तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, पण सकाळचं वचन शिल्लक होतं. मी चहा गाळायची आणि ती पडल्या पडल्या म्हणायची, देव कौसल्याचं जानं राखील, दानिएलमामाचं, याकोबचं, माझं, माझ्या मुलांचं, आणि सुमनचं. मी रोज ऐकायची. एके दिवशी, कप तिच्या ओठांना लावता लावता माझ्या ध्यानात आलं.

"आई, आन् तुजं? पयलं सोताचं घ्यायचं असतंय ना?"

तिनं एक घोट घेतला. सुमन हसायची तसं हसली.

"माजं तू घे," ती म्हणाली.